विंचवाचे विष आणि हृदयाची गती



महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूरवरून महाडास येते. एका अंगास किल्ले रायगड, दुसऱ्या अंगास आंबेनळीचा घाट आणि त्यापलीकडे प्रतापगड. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकामुळे या मुलखाची नावे राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतात. परंतु वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही या दोन तालुक्यांना स्थान मिळालेले आहे, ही गोष्ट तितकीशी सर्वज्ञात नाही. विंचूदंशाने माणूस का दगावतो आणि त्याला कसे वाचवावे, या प्रश्नाचे एक मोलाचे उत्तर मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत सापडले नाही. ते येथील सरकारी दवाखान्यांत, रुग्णाच्या खाटेजवळ बसून शोधण्यात आले.

विंचू चावणे ही कोकणात नवलाची गोष्ट नव्हे. राबासाठी तोडून आणलेल्या कवळाच्या भाऱ्यात, लाकूडफाट्याच्या ढिगाखाली, गडग्याच्या दगडांत, गोवऱ्यांच्या रचाईत, कौलांच्या सांदीत आणि दाराशी काढून ठेवलेल्या वहाणांतही विंचू दडलेला असतो. दिवसा तो लपून बसतो आणि काळोख पडल्यावर भक्ष्यासाठी बाहेर येतो. म्हणून दंशाचे बरेच प्रकार संध्याकाळी व रात्री घडतात, आणि चावा बहुधा हाताच्या किंवा पायाच्या बोटांस होतो. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळा ओसरल्यानंतर, म्हणजे शेतीच्या ऐन कामाच्या दिवसांत, अशा रुग्णांची संख्या वाढते. दंश होणाऱ्यांत शेतकरी, शेतमजूर, गुराखी आणि घरातील स्त्रिया व मुले यांचा भरणा अधिक असतो.

सर्वच विंचू सारखे घातक नसतात. काळा विंचू आकाराने मोठा आणि दिसावयास भयंकर असतो. त्याचे पुढचे चिमटे जाड असतात. त्याच्या दंशाने आग होते, परंतु प्राणावर बेतण्याचा प्रसंग सहसा येत नाही. याउलट तांबूस रंगाचा लाल विंचू हा पाच ते नऊ सेंटिमीटर लांबीचा, बारीक चिमट्यांचा प्राणी. जीवशास्त्रज्ञ त्याला पूर्वी मेसोब्यूथस टॅम्युलस म्हणत. अलीकडे हॉटेन्टोट्टा टॅम्युलस हे नाव रूढ झाले आहे. जगातील सर्वांत विषारी विंचवांत त्याची गणना होते. मोठ्या व काळ्याला भ्यावे आणि लहान व तांबड्याकडे दुर्लक्ष करावे, हा सर्वसाधारण समज म्हणूनच चुकीचा आहे.

विष शरीरात काय करते?

विंचवाचे विष सापाच्या विषाप्रमाणे रक्त बिघडवीत नाही किंवा मांस कुजवीत नाही. त्याचा रोख मज्जातंतूंवर असतो. मज्जातंतूच्या पेशीवर अतिसूक्ष्म दारे असतात. संदेश जात असताना सोडियमचे कण आत येण्यासाठी दार क्षणभर उघडते आणि लगेच मिटते. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने हे दार वेळेवर मिटू देत नाहीत. परिणामी मज्जातंतू थांबावयाच्या वेळी थांबत नाही; तो संदेशामागून संदेश पाठवीत राहतो.

हृदय, रक्तवाहिन्या, जठर, घामाच्या ग्रंथी यांचा कारभार आपल्या इच्छेवर चालत नाही. तो दोन प्रकारच्या मज्जातंतूंकडे सोपविलेला असतो. एकास परानुकंपी आणि दुसऱ्यास अनुकंपी असे म्हणतात. बैलगाडीचा दाखला घेतला तर एक हात कासरा ओढणारा आणि दुसरा चाबूक उगारणारा. निरोगी माणसात हे दोन्ही हात एकमेकांस सांभाळून चालतात. विंचवाचे विष दोघांनाही एकाच वेळी चेतविते.

प्रथम कासरा ओढला जातो. रुग्णास ओकाऱ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, अंग घामाने निथळते, नाडी मंद पडते. मुलग्यांत जननेंद्रियास ताठरता येते. ही अवस्था पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. मग चाबकाचा अंमल सुरू होतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात, हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत थंडगार पडतात, रक्तदाब वाढतो आणि नाडी वेगाने धावू लागते. पुढे हृदय थकते. खोकला, धाप, छातीत घरघर, आणि शेवटी तोंडावाटे गुलाबी फेस, अशी लक्षणे दिसू लागतात. फुप्फुसांत पाणी भरल्याची ती खूण असते. त्यानंतर रक्तदाब कोसळतो. दंशापासून ही अवस्था गाठावयास काहींना अर्धा तास पुरतो, तर काहींना कित्येक तास लागतात.

नाडी काय सांगते?

नाडीचा वेग का वाढतो हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटास ७० ते ७२ ठोके धरले तर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर फिरते. काही कारणाने प्रत्येक ठोक्याचे माप कमी झाले, तर ठोके वाढविणे हाच हृदयापुढे तातडीचा उपाय असतो. पायलीने भरावयाचे धान्य शेराने भरावयाचे ठरले, तर मापे अधिक टाकावी लागतात, त्यातलाच हा प्रकार. परंतु ठोके फार जलद झाले की दोन ठोक्यांमधील विसावा कमी होतो. हृदय भरावयास वेळ मिळत नाही आणि माप आणखीच घटते. जो उपाय म्हणून सुरू झाला तोच शेवटी अपाय ठरतो.

येथे दुसऱ्या एका आजाराशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घ आजारात जो माणूस पुष्कळ दिवस अंथरुणास खिळून असतो, त्याच्या पायाच्या खोल शिरेत कधीकधी रक्ताची गुठळी होते. ती सुटून हृदयाच्या उजव्या भागावाटे फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. तेथेही माणसास एकाएकी धाप लागते आणि नाडी पुष्कळदा जलद होते. लक्षणे वरवर सारखी, परंतु अडथळ्याची जागा वेगळी.

भातशेती करणाऱ्यास हा फरक सहज कळेल. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी उतरावयाचे तोंड दगडमातीने बुजले, तर वरचे खाचर तुडुंब भरते. विंचूदंशात असेच घडते. सर्व शरीराच्या रक्तवाहिन्या आखडल्यामुळे हृदयाच्या डाव्या भागास रक्त पुढे ढकलणे जड जाते. स्वतः हृदयाचे स्नायूही विषाच्या माऱ्याने दुबळे झालेले असतात. मग रक्त मागे, म्हणजे फुप्फुसांत, तुंबते आणि त्यातील पाणी वायुकोशांत झिरपते. गुठळीच्या आजारात मात्र वरच्या खाचराला पाणी आणणारा पाटच बुजलेला असतो. फुप्फुसांकडे रक्त पुरेसे पोहोचत नाही, उजव्या हृदयावर ताण येतो, डाव्या हृदयास भरण्यापुरते रक्त मिळत नाही, ठोक्याचे माप घटते आणि नाडी धावू लागते. पहिल्यात फुप्फुस पाण्याने भरते; दुसऱ्यात ते प्रायः कोरडेच असते. छातीवर नळी ठेवून ऐकणाऱ्या डॉक्टरास हा भेद पुष्कळदा समजतो.

दोन्ही आजारांतून शिकावयाची गोष्ट एकच. नाडीचा वाढलेला वेग हा मूळ रोग नव्हे. तो रोगाची वर्दी देणारा दूत आहे. दूतालाच गप्प बसविले, म्हणजे केवळ नाडी मंद करणारे औषध दिले, तर हृदयाचा शेवटचा आधार काढून घेतल्यासारखे होते. विंचूदंशात अशी औषधे घातक ठरू शकतात. उलट सुरुवातीची मंद नाडी, घाम व लाळ पाहून ॲट्रोपिन टोचणे हेही धोक्याचे. त्यामुळे कासऱ्याचा हात सुटतो आणि चाबकाचा जोर वाढतो. तेव्हा उपचार करावयाचा तो आखडलेल्या रक्तवाहिन्यांवर. हे सूत्र आज सोपे वाटते. पण ते हाती लागण्यापूर्वी पुष्कळ मुले दगावली.

बिरवाडीचे आरोग्य केंद्र

१९६१ साली मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते याकडे लक्ष वेधले होते. इस्रायलमध्ये गुएरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास गंभीर विंचूदंशात हृदयावर होणारे परिणाम वर्णिले होते. परंतु खेड्यातील दवाखान्यात रात्री अकरा वाजता आणलेल्या मुलाला नेमके काय द्यावे, याचे खात्रीचे उत्तर नव्हते. गुंगीची औषधे, स्टिरॉइड, पित्त-गांधीवर देतात ती ॲलर्जीविरोधी औषधे असे जे हाताशी असेल ते दिले जाई. यांपैकी कशानेही हृदयावरचा भार हलका होत नसे.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली आले. डॉ. बावस्कर मूळचे जालना भागातील देहेड या खेड्यातले, गरीब शेतकरी कुटुंबातले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते शासनाच्या सेवेत आले होते. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि खेळती मुले काही तासांत दगावताना त्यांनी पाहिली.

आरोग्य केंद्रात अद्ययावत यंत्रसामग्री नव्हती. जे होते ते असे: नाडीवर ठेवावयाची बोटे, रक्तदाब मोजण्याचे साधन, छाती तपासण्याची नळी, घड्याळ आणि कागद. एवढ्या साधनांनी त्यांनी रुग्णाजवळ बसून लक्षणांचा क्रम टिपण्यास प्रारंभ केला. कोणत्या वेळी ओकारी झाली, घाम केव्हा आला, हातपाय केव्हा थंड पडले, नाडी किती, रक्तदाब किती, धाप केव्हा लागली, या सर्व नोंदी वेळेसह होत गेल्या. त्यांतून असे दिसून आले की मृत्यू अवचित येत नाही. तो येण्यापूर्वी हृदय व रक्ताभिसरण बिघडल्याच्या काही ठराविक खुणा उमटतात. विंचूदंशातील या पूर्वसूचक लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या लॅन्सेट या नामवंत वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तालुक्याच्या आरोग्य केंद्रातील नोंदवही जगाच्या विद्वत्सभेत मांडली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

या नोंदींतील एक निष्कर्ष सर्वसामान्य माणसानेही लक्षात ठेवण्याजोगा आहे. दंशाच्या जागी असह्य वेदना होत आहेत, रुग्ण मोठमोठ्याने विव्हळत आहे, पण घाम नाही, ओकारी नाही, हातपाय उबदार आहेत, अशा रुग्णाची प्रकृती सहसा गंभीर होत नाही. याच्या उलट वेदना फारशी नाही, परंतु अंग घामाने भिजले आहे, हातपाय थंड आहेत, मूल गप्प झाले आहे, अशा रुग्णाच्या जिवास धोका असतो. रुग्ण बरा होऊ लागला की हातपाय ऊबदार होतात आणि दंशाच्या जागेची वेदना पुन्हा जाणवू लागते.

गावात नेमकी उलटी समजूत असते. मूल रडते तोवर घरचे लोक धावपळ करतात. मंत्र घातला जातो, झाडपाला बांधला जातो, आणि काही वेळाने मूल शांत होते. विष उतरले, असे सर्वांना वाटते. घराला दिलासा मिळतो तो क्षणच पुष्कळदा घाताचा असतो. कारण मुलाचे शांत होणे हे उताराचे नसून हृदय थकत चालल्याचे लक्षण असू शकते. मांत्रिकाला यश येते असे वाटण्याचे कारणही हेच. ज्यांचा दंश सौम्य असतो ते कोणत्याही उपायाने, किंवा उपायावाचूनही, बरे होतात, आणि त्यांचे श्रेय मंत्राला मिळते. ज्यांचा दंश गंभीर असतो, त्यांचे अनमोल तास मात्र त्याच मंत्रात जातात.

पोलादपूर आणि प्राझोसिन

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. ही पदव्युत्तर पदवी घेतल्यावर डॉ. बावस्कर पुन्हा याच भागात, पोलादपूर येथे, आले. शहरातील सुस्थितीचा व्यवसाय त्यांना अशक्य नव्हता. परंतु अर्धवट राहिलेला प्रश्न येथे होता. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कार्यात सहभागी झाल्या, आणि पुढील बहुतेक शोधनिबंधांवर दोघांची नावे आहेत.

विषामुळे रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून त्या सैल करणारे औषध दिले पाहिजे, हा विचार आता स्पष्ट झाला होता. प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड या औषधाचा उपयोग करण्यात आला. ते शिरेतून थेंबथेंब द्यावे लागते आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णांना त्याने उतार पडला. पण हे औषध प्रत्येक खेड्यातील दवाखान्यात वापरता येण्याजोगे नव्हते. तोंडाने देता येईल, स्वस्त असेल आणि सहज साठवता येईल, असे औषध हवे होते.

प्राझोसिन हे औषध १९७० च्या दशकात वाढलेल्या रक्तदाबासाठी प्रचारात आले होते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर आल्फा नावाचे ग्राहक असतात. अनुकंपी मज्जातंतूंचा संदेश त्यांच्यावर पडला की वाहिनी आखडते. प्राझोसिन या ग्राहकांना झाकून टाकते. संदेश येत राहतो, पण तो पोहोचत नाही. वाहिन्या सैल होतात, हृदयापुढील अडथळा दूर होतो, आणि फुप्फुसांत तुंबलेले पाणी ओसरू लागते. खाचराचे बुजलेले तोंड मोकळे करण्यासारखेच हे आहे. प्राझोसिनच्या उपचारावरील निबंध १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला.

परिणाम दूरगामी झाला. या औषधापूर्वी पश्चिम भारतात गंभीर लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक दगावत. प्राझोसिनचा वापर वेळेवर होऊ लागल्यानंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. रुग्णाला तपासून डॉक्टर शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने मात्रा ठरवितात, आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनी देतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. यासाठी रुग्णास आडवे ठेवावे लागते, उचलून बसविता येत नाही, आणि शरीरातील पाणी भरून काढावे लागते. म्हणूनच ही गोळी घरी ठेवून आपल्या अकलेने देण्याची नव्हे.

प्रतिविषाची जोड

प्राझोसिन हे विषाचे परिणाम आवरते. रक्तात फिरणाऱ्या विषाला ते निकामी करीत नाही. ते काम प्रतिविषाचे. मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले. सापाचे प्रतिविष विंचूदंशावर चालत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

प्रतिविषाच्या उपयुक्ततेविषयी जगभर एकमत नव्हते. १९९९ साली ट्युनिशियातील एका मोठ्या चाचणीत सर्व रुग्णांना सरसकट प्रतिविष देण्याने लाभ दिसला नाही. २००९ साली अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील बालकांवरील चाचणीत मात्र प्रतिविषाने लवकर उतार पडल्याचे आढळले. तेथील विंचवाचे विष हृदयापेक्षा स्नायू व मज्जातंतूंवर अधिक परिणाम करते. प्रत्येक प्रदेशाचा विंचू निराळा, त्यामुळे एका देशाचे उत्तर दुसऱ्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाही. महाराष्ट्रातील लाल विंचवाचे उत्तर महाराष्ट्रातच शोधणे प्राप्त होते.

ते काम महाडमध्ये झाले. लाल विंचवाचा दंश झालेल्या ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटातील ३५ जणांना केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्या गटातील ३५ जणांना प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष देण्यात आले. दहा तासांनंतर दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण लक्षणमुक्त होते. केवळ प्राझोसिन मिळालेल्यांत ही संख्या ८ होती. बरे होण्यास लागणारा सरासरी वेळ दोन्ही औषधे मिळालेल्यांत सुमारे ८ तास, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्यांत सुमारे १८ तास होता. या चाचणीचा वृत्तांत २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. प्रतिविष जितके लवकर दिले जाईल तितका त्याचा उपयोग अधिक. प्रतिविष उपलब्ध नसेल तेथे प्राझोसिन हा आजही मोठा आधार आहे.

२०२२ साली भारत सरकारने डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरविले. हा गौरव एका व्यक्तीचा आहेच. शिवाय अपुऱ्या साधनांत, आडगावी, शासकीय सेवेत राहूनही नव्या ज्ञानाची निर्मिती करता येते, या गोष्टीचाही तो आहे.

गावाचे काम

औषध सापडले, तरी ते रुग्णापर्यंत आणि रुग्ण औषधापर्यंत पोहोचल्याखेरीज उपयोग नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत अनेक वाड्या मुख्य रस्त्यापासून दूर आहेत. पावसाळ्यात ओढे भरतात, दरडी येतात. अशा ठिकाणी जीव वाचतो की जातो, हे पुष्कळदा डॉक्टरच्या हाती पडण्यापूर्वीच्या दोन तासांत ठरते. आणि हे दोन तास गावाच्या हाती असतात.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावास जवळ असलेल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व विंचवाचे प्रतिविष आहे किंवा नाही, त्याची मुदत संपलेली नाही ना, याची उन्हाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर चौकशी करावी. औषध नसेल तर ते मागविण्यासाठी ग्रामसभेत ठराव करावा. रात्री रुग्ण नेण्यासाठी गावात कोणाचे वाहन मिळू शकेल, हे आधीच ठरवून ठेवावे. २०१४ पासून राज्यात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेची सेवा आहे. हा क्रमांक पंचायतीच्या, शाळेच्या व समाजमंदिराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा. सार्वजनिक जागेतील दगडमातीचे ढीग व जुनी कौले हलविणे, घरांच्या भिंतींतील भेगा बुजविण्यास प्रोत्साहन देणे, वाटेवर दिवे लावणे ही कामेही पंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

शिक्षकांचे काम याहूनही महत्त्वाचे आहे. शाळेतील मूल जे शिकते ते घरी सांगते. वहाणा झटकून घालाव्यात, अंथरूण झाडून घ्यावे, लाकडे उचलताना आधी काठीने हलवावीत, अंधारात अनवाणी जाऊ नये, दगडाच्या सांदीत हात घालू नये, एवढे नियम पाठ करून घेतले तरी पुष्कळ दंश टळतील. पृथ्वीवरील फार जुन्या प्राण्यांपैकी विंचू एक आहे. तो अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो आणि त्यांना पाठीवर वागवितो. अतिनील प्रकाशात त्याचे अंग चमकते. अशा गोष्टी विज्ञानाच्या तासास सांगितल्या तर मुलांच्या मनातील भीतीची जागा माहिती घेईल.

दंश झाल्यावर काय करावे आणि काय करू नये, हे प्रत्येक घरी ठाऊक असावे. जागा स्वच्छ पाण्याने धुवावी. रुग्णास धीर द्यावा, आडवे ठेवावे आणि शक्यतो चालू देऊ नये. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. हात व पाय वारंवार स्पर्शून पाहावेत. ते थंड पडू लागले, ओकारी झाली, घाम सुटला की एक क्षणही दवडू नये. लहान मुलाला मात्र लक्षणांची वाट न पाहता, वेदना असो वा नसो, थेट आरोग्य केंद्रात न्यावे. दंश केव्हा झाला ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरास सांगावी. वाटेत मांत्रिकाचे घर असले तरी तेथे थांबू नये. मंत्रावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी त्या घटकेस वाद घालू नये. मंत्र गाडीत बसूनही म्हणता येतो, हे त्यांना सांगावे.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने या सर्व हकीकतीतून आणखी एक बोध निघतो. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात जी क्रांती घडली तिचे मूळ नोंदवहीत होते. नाडी, रक्तदाब, वेळ आणि लक्षण अशा चार रकान्यांतून एका आजाराचे स्वरूप उलगडले. शासनाच्या दप्तरी रोज असंख्य रकाने भरले जातात. ते केवळ वरिष्ठांकडे पाठवावयाचे तक्ते नाहीत. ज्यांच्या त्या नोंदी आहेत त्या माणसांचे दुःख त्यांत लिहिलेले आहे, या जाणिवेने ते भरले आणि वाचले गेले, तर आणखी कितीतरी प्रश्नांची उत्तरे आपल्याच कपाटात सापडतील.

एखाद्या वाडीवर मे महिन्याच्या रात्री लाकडाच्या ढिगातून विंचू निघेल आणि एखादे मूल ओरडेल, हे टाळणे सर्वस्वी कोणाच्या हाती नाही. ते मूल थोड्या वेळाने गप्प झाले, तर घरातील कोणीतरी त्याचे पाय हातात घेऊन पाहावे, ते थंड लागले तर ताबडतोब गाडी जुंपावी किंवा फोन करावा, आणि आरोग्य केंद्राच्या कपाटात गोळी असावी, एवढे मात्र सर्वांनी मिळून करता येण्यासारखे आहे. महाड-पोलादपूरने जगाला ही विद्या दिली. या दोन तालुक्यांतील शेवटच्या वाडीपर्यंत ती नेणे हे आता येथील लोकांचे, शिक्षकांचे आणि लोकप्रतिनिधींचे काम आहे.